देंदेराचे राशिचक्र : लूव्रमध्ये की मूळ छतात?

पाथरवट

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात, सुली विभागातल्या एका लहान खोलीच्या छताला साधारण अडीच मीटर लांब-रुंद असा वालुकाश्माचा कोरीव चौरस बसवलेला आहे, तेच देंदेराचे राशिचक्र. वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तमध्ये केना शहराजवळ देंदेरा येथे हाथोर देवीचे मंदिर आहे. त्याच्या गच्चीवर मृतांचा देव ओसायरिस याची छोटी देवघरे आहेत आणि त्यांपैकी एकाच्या छताचा हा भाग १८२१ साली कापून फ्रान्सला नेण्यात आला. इजिप्तचे माजी पुरातत्त्वमंत्री झाही हवास यांनी २०२२ मध्ये लंडनमधल्या रोझेटा शिळेसोबत (जिच्या आधारे चित्रलिपी उलगडली) हे राशिचक्रही परत मिळावे म्हणून सह्यांची मोहीम सुरू केली. ते परत जावे असे मला वाटतेच. पण ते कैरोच्या एखाद्या संग्रहालयात न जाता देंदेराच्या त्याच छतात जावे, असे माझे ठाम मत आहे.

हे उठाव शिल्प नीट पाहिले तर माझा आग्रह कशासाठी आहे ते कळेल. मधल्या वर्तुळाभोवती चार उभ्या स्त्रिया आणि जोडीजोडीने गुडघे टेकून बसलेले आठ ससाणामुखी पुरुष आहेत आणि या बारा जणांनी वर उचललेल्या हातांवर आकाश तोललेले आहे. मध्यभागी बैलाचा पुढचा पाय कोरलेला आहे, तो म्हणजे आपले सप्तर्षी. त्याच्याजवळ मागच्या पायांवर उभी असलेली पाणघोड्याच्या रूपातली देवी आहे. मृग नक्षत्र हातात दंड घेतलेल्या, पाऊल पुढे टाकणाऱ्या ओसायरिसच्या रूपात दाखवले आहे, तर व्याधाचा तारा नावेत बसलेल्या गाईच्या शिंगांमध्ये आहे. सिंह, तूळ, वृश्चिक, माशाचे शेपूट असलेला मकर या राशी तर पंचांग चाळणाऱ्या कोणालाही नावाच्या पाटीशिवाय ओळखता येतील, कारण बाबिलोनी आणि ग्रीक ज्योतिषातून निघालेली हीच परंपरा पुढे भारतातही आली. हे सगळे छत म्हणूनच रचलेले आहे. खालच्या देवघरात दरवर्षी इजिप्शियन पंचांगातल्या खोइआक महिन्यात ओसायरिसच्या मृत्यूचे आणि पुनरुज्जीवनाचे विधी होत, भिंतींवर तीच कथा कोरलेली आहे आणि शेजारच्या छतात आकाशदेवी नुतची आकृती अजूनही जागेवर आहे. राशिचक्राच्या जागी मात्र प्लास्टरची नक्कल बसवलेली आहे.

जुनी वही

भावना समजते, पण 'कापून नेण्यात आला' एवढेच म्हटल्याने जी चोरीची छाया पडते ती वस्तुस्थितीला धरून नाही. सेबास्तियन सोल्निये या फ्रेंच संग्राहकाने लेलोरँ नावाच्या कारागिराला पाठवले, ते इजिप्तचा तत्कालीन शासक मुहम्मद अली पाशा याची परवानगी घेऊन. ब्रिटिश वाणिज्यदूत हेन्री सॉल्ट याने नंतर या शिळेवर हक्क सांगितला, तेव्हाही पाशाने निकाल फ्रेंचांच्याच बाजूने दिला. पुढे फ्रान्सचा राजा अठरावा लुई याने दीड लाख फ्रँक मोजून ती विकत घेतली. पुरावस्तूंच्या निर्यातीवर बंदी घालणारा इजिप्तचा पहिला हुकूम १८३५ चा आहे आणि सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे. आजचा कायदा दोनशे वर्षे मागे नेऊन लावायचा ठरवला, तर जगातले कोणतेही मोठे संग्रहालय त्यातून सुटणार नाही.

दुसरे असे की, त्या काळात इजिप्तमधल्या मंदिरांचे काय चालले होते तेही पाहावे. नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावरची तिसरा आमेनहोतेप या फारोची देखणी वास्तू १८२२ च्या सुमारास बांधकामाच्या दगडांसाठी पाडण्यात आली. हे राशिचक्र पॅरिसला गेले, त्याच्या वयावरून तिथे कडाक्याचे वाद झाले, ते हजारो वर्षांपूर्वीचे ठरले तर बायबलच्या कालगणनेचे काय, या प्रश्नाने धर्मपंडितही अस्वस्थ झाले, आणि प्राचीन इजिप्तविषयीचे कुतूहल सामान्य माणसापर्यंत पोचले. या इतिहासाचाही त्या दगडावर काही हक्क आहे की नाही?

पाथरवट

आपण वयाच्या वादाचा उल्लेख केलात हे बरे झाले, कारण माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा त्याच वादात आहे. फ्रेंच विद्वान शांपोलियनने १८२२ मध्ये इजिप्तची चित्रलिपी उलगडली, तेव्हा नेपोलियनच्या मोहिमेतल्या चित्रकारांनी छापलेल्या रेखाटनात राशिचक्राशेजारच्या नाममुद्रेत (राजाचे नाव लिहायच्या लंबगोल चौकटीत) त्याने 'सम्राट' या अर्थाची रोमन काळातली पदवी वाचली आणि हे काम रोमन काळातले असल्याचे जाहीर केले. वाद तिथेच मिटला, असे सगळ्यांनी मानले. पण ती नाममुद्रा पॅरिसला आलेल्या दगडावर नव्हतीच. लेलोरँने ओझे कमी करण्यासाठी जो भाग मागे सोडला, त्यावर ती होती. १८२८ मध्ये शांपोलियन स्वतः देंदेराला पोचला तेव्हा त्या मुद्रा कोऱ्या असल्याचे त्याला दिसले, म्हणजे अक्षरे रेखाटनकारांनी आपल्या मनाने भरली होती. अर्धे छत एका देशात आणि अर्धे दुसऱ्या देशात असले की विद्वानांचीही अशी फसगत होते. आज हे काम इसवी सनपूर्व ५० च्या आसपासचे मानतात, आणि त्याला आधार आहे तो कोरलेल्या ग्रहांच्या स्थानांचा व इसवी सनपूर्व ५२ आणि ५१ मधल्या दोन ग्रहणांचा.

परवानगीविषयी एवढेच म्हणतो की, ज्या पाशाला मंदिरे म्हणजे दगडांच्या खाणी वाटत होत्या, त्याच्या परवानगीला नैतिक वजन किती द्यायचे? एलिफंटाइनचे उदाहरण देऊन आपणच त्याचे उत्तर दिले आहे. शिवाय देंदेराचे मंदिर पाडले गेले नाही. ते इजिप्तमधल्या सर्वांत सुस्थितीतल्या मंदिरांपैकी एक आहे आणि अलीकडच्या वर्षांत त्याच्या मोठ्या सभामंडपाच्या छतावरची काजळी काढल्यावर मूळ निळा रंग पुन्हा उजळला आहे. त्याच मंडपाच्या छतातले दुसरे, लांबट राशिचक्र कोणी नेले नाही, म्हणून ते बुडाले का?

ओळंबा

मी दोन्ही बाजूंचा नाही, पण जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीशी माझा संबंध असल्याने एक व्यावहारिक अडचण मांडतो. लेलोरँने करवती, छिन्न्या आणि बंदुकीची दारू वापरून छताचा हा तुकडा सोडवला. म्हणजे मूळ जागेच्या कडा तुटलेल्या आहेत आणि मूळ शिळेची पूर्ण जाडीही पॅरिसला आलेली नाही. छताची शिळा दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टेकलेली असते आणि स्वतःचे वजन स्वतः पेलते. कापून पातळ केलेला तुकडा ते करू शकत नाही. त्याला आता लोखंडी किंवा तत्सम आधार द्यावा लागेल, आणि तो आधार दोन हजार वर्षांच्या भिंतींत रोवावा लागेल. एका कोरीव कामाला न्याय देण्यासाठी दुसऱ्या कोरीव भिंतींना भोके पाडायची, हा सौदा मला पटत नाही. म्हणून परत द्यायचेच असेल तर २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये गिझाला उघडलेल्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये ठेवावे.

जुनी वही

मग पॅरिसचे एक संग्रहालय सोडून गिझाच्या दुसऱ्या संग्रहालयात नेऊन नेमके काय साधले? 'मूळ संदर्भ' हा मूळ लेखातला मुख्य मुद्दा होता, आणि तोच इथे गळून पडतो. देंदेरापासून गिझाही शेकडो किलोमीटर दूर आहे. नुसता सरकारी मालकीचा प्रश्न उरत असेल, तर तसे स्पष्ट म्हणावे.

घाटवाट

मालकीचा प्रश्न 'नुसता' कसा? लूव्रने २००९ मध्ये लक्सरजवळच्या तेतिकीच्या थडग्यातले भित्तिचित्रांचे पाच तुकडे इजिप्तला परत दिले, आणि तेही इजिप्तने लूव्रशी सहकार्य थांबवल्यावर. ते तुकडे अलीकडे चोरीला गेलेले होते, त्यामुळे हे प्रकरण त्याहून वेगळे आहे, हे मान्य. पण फ्रान्सच्या सार्वजनिक संग्रहातली वस्तू कायद्याने देताच येत नाही, या सबबीला आता अर्थ राहिलेला नाही, कारण २०२० मध्ये खास कायदा करून अबोमेच्या राजवाड्यातल्या २६ वस्तू पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशाला देण्यात आल्या. त्या तर १८९२ च्या लढाईतली लूट होत्या. इच्छा असली की कायदा होतो. तोवर निदान मुदतीच्या उसनवारीची बोलणी तरी व्हावीत. लंडनहून वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्याला आली तीही तीन वर्षांच्या बोलीवरच, आणि ती पाहायला लोक गेलेच ना?

पाथरवट

उसनवारीचा मार्ग मला मान्य नाही, कारण उसने घेणाऱ्याने आधी समोरच्याची मालकी कबूल केलेली असते. ओळंबा यांचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला माझे उत्तर असे आहे की, शिळा जुन्या भिंतींवर टेकवण्याची गरजच नाही. देवघराच्या आत, जमिनीवर उभ्या केलेल्या आणि भिंतींना न शिवणाऱ्या स्वतंत्र चौकटीवर ती तोलता येईल. चौकट दिसेल, थोडी बोजडही वाटेल. पण लूव्रमध्येही ती एका परक्या छताच्या आधारानेच लटकते आहे.

ओळंबा

चौकटीचा विचार शक्य आहे, पण देवघर लहान आहे आणि चौकटीचे खांब भिंतींवरच्या शिल्पांच्या पुढ्यातच येतील. जमिनीच्या फरशीखाली मंदिराचेच छत आहे, तेव्हा हे सगळे ओझे खालच्या दालनांवर येणार. खालच्या शिळांची तपासणी होऊन त्यांची ताकद कळेपर्यंत मी हो म्हणणार नाही. ती तपासणी मात्र राशिचक्र पॅरिसमध्ये असतानाच करता येईल, आणि त्यासाठी कोणाच्या सह्यांची वाट पाहायला नको.