मदत हवी आहे: ग्रॅम्प्समध्ये (वंशावळ नोंदवायचं सॉफ्टवेअर) आत्याचा शब्द ‘सोर्स’ म्हणजे पुरावा म्हणून कसा लिहायचा?

घणसोली गावठाणातलं आमचं आगरी घर. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाच्या फायलीत आजोबांपासूनची वंशावळ होती. गेल्या दिवाळीत तीच घेऊन ग्रॅम्प्समध्ये भरायला बसलो. म्हटलं, चार रविवारांचं काम. आता आषाढ लागला, नावं १४० च्या पुढे गेली, आणि सोर्सच्या यादीत ‘थोरले काका शाळा दाखला’ ही एकच ओळ अकरा वेळा दिसतेय. मुळातच काहीतरी चुकतंय.

घोळ सुरू झाला तो काकांच्या जन्मतारखेवरून. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४२. (आमच्या घरात १ जूनला जन्मलेली पाच माणसं आहेत. गुरुजींची कृपा.) मग गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदीची, म्हणजे गाव नमुना १४ ची नक्कल काढली. ती मोडीत, म्हणून जाणकाराकडून लिप्यंतर करून घेतलं. त्यात नोव्हेंबर १९४३ निघाला. बाळाचं नाव नाही, नुसतं ‘मुलगा’ आणि आजोबांचं नाव.

तिसरी साक्ष आत्याची. ती तेव्हा सात-आठ वर्षांची. म्हणते, “गोदी फुटली तवा त्यो पालन्यान व्हता.” मुंबईच्या गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. खाडीच्या अलीकडे आमची कौलं हादरली आणि हिने धावत जाऊन पाळणा धरला, हे लहानपणापासून ऐकत आलोय. नोव्हेंबर धरला तर काका तेव्हा पाच महिन्यांचे. दाखला धरला तर जवळजवळ दोन वर्षांचं पोर, ते कशाला पाळण्यात राहतंय?

चुलतभाऊ म्हणतो, कागद नसेल तर लिहूच नको. पण भूखंडाच्या फायलीतल्या ज्या प्रतिज्ञापत्रावर त्याची एवढी भिस्त, त्यातल्या वंशावळीत आत्याच नाहीत! हक्कसोड झालं आणि बहिणी झाडावरूनच उतरल्या. शिक्का आहे म्हणून तो कागद खरा आणि समोर बसलेली आत्या खोटी?

तर आत्याचं बोलणं नोंदवायचं कसं? तिच्या नावाने एकच सोर्स करू, की गोष्टीगणिक वेगळा?

आणखी एक. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची नोंद मिळाली, ‘माघ शके १८३५’. ग्रॅम्प्सच्या तारखेत इस्लामी, ज्यू, फारसी कालगणना आहेत, शके नाही. नुसता इसवी सन घातला तर मूळ नोंद हरवते. काय करता तुम्ही?

प्रतिसाद (कळव्याहून)

अकरा ओळींचं कारण साधं आहे. सायटेशनच्या (संदर्भाच्या) टॅबवर अधिकचं चिन्ह दाबलं की दर वेळी नवा सोर्स तयार होतो. त्याऐवजी शेजारचं, आधीची नोंद निवडायचं बटण वापरा. जुन्या नोंदी यादीत दोन-दोन निवडून मर्ज करा. कंटाळवाणं आहे, पण एकदाच.

मनात अशी फोड ठेवा: रजिस्टर हा सोर्स, त्यातलं पान हे सायटेशन, आणि रजिस्टर जिथे ठेवलंय ते दप्तर म्हणजे रिपॉझिटरी. लिप्यंतर कुणी आणि कधी केलं, तेही सायटेशनच्या नोटमध्ये घाला. मोडी वाचताना चूक होते, मीही केलीय.

आत्याच्या बाबतीत एक बैठक म्हणजे एक सोर्स. फोनवर रेकॉर्ड करा. तारीख, जागा, सोबत कोण बसलं होतं तेही लिहा. पानाच्या रकान्यात रेकॉर्डिंगचं मिनिट टाका. तिचे शब्द तिच्याच बोलीत ठेवा, प्रमाण मराठी करू नका. आणि कुठल्या गोष्टीची ती स्वतः साक्षीदार, कुठली तिने आजीकडून ऐकलेली, हे वेगळं राहू द्या. कॉन्फिडन्सच्या, म्हणजे पुराव्याच्या भरवशाच्या, पाच पातळ्या त्यासाठीच आहेत. प्रतिज्ञापत्रालाही हाच नियम लावा: मुलग्यांसाठी ते चांगला पुरावा आहे, मुलींसाठी नाही.

तारखा तिन्ही ठेवा. एकाच माणसाला जन्माचे अनेक इव्हेंट देता येतात, जो वर ठेवाल तो मुख्य धरला जातो.

शकेचं सोपं आहे. शकात ७८ मिळवायचे, पण माघ-फाल्गुनाला ७९. म्हणजे तुमची नोंद जानेवारी-फेब्रुवारी १९१४ ची. तारखेत तो काळ ‘दरम्यान’ म्हणून घाला आणि ‘माघ शके १८३५’ हे शब्द सायटेशनच्या नोटमध्ये जसेच्या तसे उतरवा.

एक मात्र खटकलं. नमुना १४ मध्ये नाव नाही. मग तो मुलगा तुमचे काकाच, हे कशावरून? कागद एवढंच सांगतो की नोव्हेंबर १९४३ मध्ये तुमच्या आजोबांना मुलगा झाला. पुढचं तुम्ही जोडलंय.

धागाकर्ता

आभार. अकराचा एक झाला.

शेवटच्या मुद्द्याने मात्र झोप उडवली. काल आत्याकडे जाऊन बसलो, रेकॉर्डिंग चालू ठेवलं. सरळच विचारलं, काकांच्या पाठचा कुणी होता का. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, एक होता, बारशाआधीच गेला. इतकी वर्षं घरात कुणी त्याचा उल्लेख केला नव्हता. पाळण्यात काका होते की तो, हे आता तिलाही धड सांगता येईना.

आता १९४३-४४ च्या मृत्यूच्या नोंदींची नक्कल मागायला सोमवारी तहसीलमध्ये जातोय. नोव्हेंबरची तारीख काकांच्या खात्यातून काढलेली नाही, फक्त कॉन्फिडन्स सगळ्यात खालचा केलाय. आणि झाडात आजोबांच्या खाली नाव नसलेली एक चौकट वाढवलीय. सोर्स: आत्या, मिनिट २३.