यकृतात गळू, शिरेत गुठळी: पोट उघडावं लागेल का?

दादाला पंधरा दिवस थंडीताप, उजव्या बरगडीखाली दुखणं. सिन्नरहून नाशिकला आणलं. सीटी स्कॅनमध्ये 9 सेंटीमीटरचं गळू, शेजारच्या यकृतशिरेत रक्ताची गुठळी. डॉक्टर नळी टाकू म्हणतात, आई म्हणते पोट उघडूनच साफ करा. जीव नुसता टांगणीला लागलाय.

— ताई, माझ्या वडिलांना सोनोग्राफीत बघत पिगटेल नळी (टोकाशी वळलेली बारीक नळी) टाकली. चॉकलेटी पू निघाला, मेट्रोनिडाझोल हे जंतूंवरचं औषध चालू होतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

— मी नर्स आहे. गळू फुटलं किंवा नळीने पू निघेना, तर सहसा ऑपरेशन. पण गुठळी फुप्फुसात सरकू शकते. दम लागला तर तत्क्षणी सांगा. रक्त पातळ करायचं औषध कधी द्यायचं, हेही डॉक्टरांना विचारा.

— दुपारी नळी टाकली. आई पिशवीतला पू बघत शेजारीच बसलीय.