चरायला सोडल्यापासून दुधाची फॅट पडली, पेंड वाढवू का?

दावणीवाला: मंडळी, माझ्याकडं आठ संकरित गाई आहेत, सरासरी १५ लिटरच्या. नवीन गवत फुटलंय म्हणून पंधरा दिवसांपासून सकाळची धार झाली की सोडतोय, दुपारी आत. गवत पोटभर मिळतंय म्हणून सुक्या चाऱ्याची कुट्टी बंद केली, पेंड ६ किलो तशीच ठेवली. दूध जरा वाढलं पण फॅट ४.० ची ३.३ झाली आणि शेण एवढं पातळ की शेपट्या भरून येतात. पेंड वाढवू का? घरचे तर म्हणतात गवत आहे, पेंड बंदच कर.

रवंथ: बंद करायची नव्हती तीच गोष्ट बंद केलीत राव. कोवळ्या गवतात ८०-८५ टक्के पाणीच असतं, एक किलो कापून वाळवून बघा, दीडशे-दोनशे ग्रॅम हातात येईल. ४५० किलोच्या गाईला वजनाच्या ३ टक्के धरलं तरी साडेतेरा किलो कोरडं खाणं लागतं, म्हणजे असलं गवत ८० किलो, ते सहा तासात कुठून खाणार ती? वर त्यात तंतुमय भाग कमी, मग रवंथ कमी, लाळ कमी, पोटात आम्ल वाढतं आणि फॅट खाली येते. सोडायच्या आधी २-३ किलो सुकी कुट्टी घाला, उपाशी सोडू नका.

जुना गोठा: कुट्टीचं बरोबर आहे, पण पेंड कुठली घालताय ते सांगा आधी. कोवळ्या गवतातलं पाणी सोडून जे उरतं त्यात प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास असतात, त्यावर पुन्हा सरकी पेंड म्हणजे पैसे मुतात घालवणं. कमी पडते ती ऊर्जा, म्हणून थोडी पेंड काढून मका भरडा घाला, तोही एका वेळी दोन किलोच्या वर नको. आणि जेवढा खुराक वाढवाल तेवढं गाय गवत सोडते, हे कुणी धरतच नाही हिशोबात. बदल आठ-दहा दिवसात हळूहळू करा.

चारापाणी: खनिज मिश्रण चालू आहे ना? कोवळ्या गवतावर मॅग्नेशियम कमी पडतं, गाय थरथरून आडवी पडते. रानात लसूणघास असेल तर पोटफुगीकडंही बघा.

दावणीवाला: सरकीच होती 🙂 मिश्रण चालू आहे. आज दुपारी मुद्दाम बघितलं, बसलेल्या पाचात दोघीच रवंथ करत होत्या. उद्यापासून कुट्टी, पण गवताची चटक लागलीय, तोंड लावतील का?

रवंथ: भरडा पाण्यात कालवून कुट्टीवर शिंपडा. तरी नाही खाल्ली तर तासभर उशिरा सोडा, बरोबर खातात. निम्म्याच्या वर रवंथ करायला लागल्या की मग फॅट बघा, तोवर रोज फॅटच्या मशीनकडं डोळे लावून बसू नका.