चिपळूणहून आलेली जुनी १००-४०० लेन्स घेऊ का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी निफाड तालुक्यात झेडपीच्या शाळेत शिकवते. रविवार उजाडला की स्कूटी काढायची आणि नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य गाठायचं, हे गेली चार वर्षं चाललंय. कॅमेरा कॅनन २००डी, लेन्स ५५-२५० एसटीएम (आकडे मिलिमीटरचे, जितका मोठा तितका पक्षी जवळ दिसतो). जांभळी पाणकोंबडी काठाशी येते तोवर ठीक असतं. चक्रवाक मात्र पार मधोमध जाऊन बसतात आणि माझ्या फोटोत शेंगदाण्याएवढे उमटतात. वर्गात दाखवले तर पोरं विचारतात, "बाई, यात पक्षी कुठंय?"

माझ्या मावसबहिणीच्या मिस्टरांचा चिपळूणला फोटो स्टुडिओ होता. आता लग्नाची कामं बंद केलीत. त्यांच्याकडे कॅननची पहिली १००-४०० एल आहे, झूम करायला पुढे-मागे ओढायची ती. ३५ हजार म्हणतात, "घरातलीच म्हणून". आठ दिवस वापरून बघ म्हणून लेन्स पाठवलीये. काल दुपारी एक-दीडला पक्षी बघायच्या मनोऱ्यावरून चाळीसेक फोटो काढले. ४०० वर सगळं धुरकट, दुधात पाणी घातल्यासारखं. पुढे यूव्ही फिल्टर आहे, तो काढलेला नाही, काचेला ओरखडा नको म्हणून. आत चार-पाच कण दिसतात. मागच्या बाजूला यूडब्ल्यूने सुरू होणारा शिक्का आहे.

घ्यावी का? ३५ हजार ही माझ्यासाठी लहान रक्कम नाही. आणि नात्यातला व्यवहार. घेतल्यावर खराब निघाली तर दिवाळीला तोंड कसं दाखवायचं?

डोंबिवलीचा बगळा

ताई, सरळ नवी १५०-६०० घ्या, टॅमरॉन किंवा सिग्मा. वॉरंटी मिळते, ६०० मिळतात. वीस वर्षांपूर्वीचं तंत्रज्ञान कशाला गळ्यात बांधून घ्यायचं? मी पण अशीच एक जुनी लेन्स घेऊन पस्तावलोय.

जुनी काच

बगळेराव, ताईंचं बजेट ३५ आहे, तुमची लेन्स त्यात बसते का ते तरी बघा. शिवाय ती दोन किलोच्या घरात जाते. स्कूटीवर.

ताई, मी सांगलीत २६ वर्षं कॅमेरे उघडले, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून बंद केलं. या लेन्सच्या डझनभर तरी माझ्या टेबलावरून गेल्या असतील. क्रमाने सांगतो.

आधी तो फिल्टर काढा. आत्ताच्या आत्ता. ही लेन्स फिल्टरच्या बाबतीत भलती नाजूक मनाची आहे. पुढे साधी काच आली की ४०० वर रुसते. लोक माझ्याकडे "लेन्स सॉफ्ट झालीये" म्हणून यायचे, मी फिल्टर काढून हातात द्यायचो आणि पैसे घ्यायचे नाहीत म्हणून चहा प्यायचो. दुसरं म्हणजे, दुपारी एक वाजता पाण्यावरून काढलेल्या फोटोवर लेन्सचा न्याय करू नका. उन्हाने तापलेल्या हवेत झळा असतात, त्यातून ५०० मीटरवरचा पक्षी कुठल्याच लेन्सला धड दिसत नाही. सकाळी सातला जा.

यूडब्ल्यू म्हणजे उत्सुनोमियाच्या कारखान्यात २००८ साली बनलेली. हे मॉडेल १९९८ ला आलं आणि २०१४ ला त्याची दुसरी आवृत्ती निघाली, म्हणजे तुमची तशी तरुणच. पण सुटे भाग कंपनीकडे मिळतील अशी आशा धरू नका. दुरुस्ती निघाली तर दुसऱ्या मेलेल्या लेन्समधून भाग काढावा लागेल. किंमत ठरवताना हे डोक्यात ठेवा.

आत कण आहेत ते सोडून द्या. ही लेन्स म्हणजे लोहाराचा भाता. ओढली की हवा आत, ढकलली की बाहेर, सोबत धूळ येणारच. पाच-पन्नास कणांनी फोटोत काही दिसत नाही.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाही. लेन्स चिपळूणची आहे. २२ जुलै २०२१ ला ती कुठे होती? वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं त्या दिवशी. पुरात बुडालेली लेन्स बाहेरून पुसून चकाचक करता येते, आतून नाही. मला एकदा एकाने अशीच एक विकली होती (कोण ते जाऊ दे). वरून लोण्यासारखी. उघडली तर स्क्रूभोवती गाळाची पिवळी पावडर. माझ्यासारख्याला फसवलं, तर तुम्ही शिक्षिका आहात. म्हणून भावजींना विचारा. संशय म्हणून नाही, सरळ विचारा.

आणि स्वतःही बघा. मागच्या धातूच्या कड्यावर चार स्क्रू आहेत, त्यांच्या खाचेत गंज आहे का? ताण कमी-जास्त करायची कडी सैल करून लेन्स सावकाश ओढा. करकर वाटली तर वाळू आहे. मूळ पिशवी आली असेल तर नाक लावून हुंगा, ओल लपत नाही.

मग रात्री खोलीतला दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारा आणि पुढून बघा. मग उलट करा. कण चमकतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. सगळी काच दुधाळ दिसली तर ती वाफ किंवा तेल, आणि मग परत पाठवा.

यंत्राच्या दोन चाचण्या. स्टॅबिलायझर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) चालू करून शटर अर्धं दाबा. हलकी गुरगुर ऐकू येऊन चित्र तरंगत स्थिर झालं पाहिजे, उडी मारता कामा नये. दुसरं, ४०० वर एफ/११ ठेवून दहा फोटो काढा. एफ/५.६ वर उजेडाचं छिद्र पूर्ण उघडं असतं, ते लहान-मोठं करणारी पाती हलतच नाहीत, त्यामुळे तिथे बिघाड लपतो. एफ/११ ला "एरर ०१" आला तर पुढे वाचू नका.

शेवटची चाचणी तुमच्या कॅमेऱ्यासाठी. कंपाउंडच्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, दहा-बारा मीटरवर ट्रायपॉड, स्टॅबिलायझर बंद (या जुन्या यंत्राला ट्रायपॉड कळत नाही). पाच फोटो व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून), पाच लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या पडद्यावर बघून), दर वेळी फोकस मोडून पुन्हा करायचा. लाइव्ह व्ह्यूचे धारदार आणि व्ह्यूफाइंडरचे मऊ आले, तर काच चांगली आहे पण लेन्स आणि कॅमेऱ्याचं फोकसच्या बाबतीत जमत नाही. २००डी मध्ये ते सुधारायची सोय नाही. पुढेमागे मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेणार असाल तर ॲडॉप्टर लावून ही लेन्स चालते आणि तो प्रश्न उरत नाही, कारण तिथे फोकस सेन्सरवरच होतो.

पाणकावळा

काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त वजनाचं बोलतो. तुमची ५५-२५० पावणेचारशे ग्रॅमची, ही १३८० ग्रॅम. पहिल्या महिन्यात मनगट बोंब मारतं. मी जुन्या जीन्सच्या पायाचा तुकडा शिवून त्यात मूग भरलेत, मनोऱ्याच्या कठड्यावर ठेवतो. मूग दोनदा उंदरांनी खाल्ले, आता थर्माकोलचे मणी भरलेत.

आणि फार मोठी अपेक्षा नको. २५० चे ४०० म्हणजे पक्षी १.६ पट मोठा. शेंगदाण्याचा बदाम होईल, नारळ नाही.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं वाचून मी फिल्टर काढायला गेले तर तो निघेचना. शेवटी रबरी हातमोजा घालून फिरवला. आज सकाळी साडेसहाला गेले. धुकं विरल्यावर तेच चक्रवाक, तिथेच. घरी येऊन मोठं करून बघितलं तर एकाच्या गळ्याभोवतीची काळी रेघ दिसली. ती नराला असते हे पुस्तकात वाचलं होतं, माझ्या फोटोत पहिल्यांदाच बघितली.

वर्तमानपत्र केलं. दोन्हीकडचे जवळपास सारखे, व्ह्यूफाइंडरचा एकच घसरला. एफ/११ ला दहाच्या दहा आले. गुरगुर आहे, उडी नाही. स्क्रू स्वच्छ.

भावजींना फोन केला. विचारताना जीभ अडखळली, पण ते स्वतःच म्हणाले, "बरं झालं विचारलंस." दुकानात पाणी छातीपर्यंत होतं. लेन्स वरच्या माळ्यावर होती म्हणून वाचली. पण पुढे कित्येक दिवस वीज नव्हती, घर ओलं, आणि सगळे गाळ उपसण्यात. पिशवी महिनाभर तरी उघडलीच नाही.

रात्री टॉर्च मारला. पुढून बघताना, अगदी कडेला, तिळाएवढ्या जागेत बारीक धागे आहेत. मधल्या भागात काही नाही. आता?

जुनी काच

तीळ कडेला असेल तर फोटोत दिसणार नाही, पण तो वाढतो. धागे पुढच्या काचांच्या गटात असतील तर सफाई अवघड नाही, मधल्या गटात असतील तर खर्च वाढेल. नाशकात किंवा पुण्यात कुणा जाणत्याला उघडण्याआधी दाखवा, आकडा घ्या आणि तो ३५ मधून वजा करून भावजींना सांगा. जो माणूस ओल्या पिशवीची गोष्ट आपणहून सांगतो, तो यावर कुरकुर करणार नाही. मी असतो तर २८ च्या आसपास घेतली असती.

सफाई होईपर्यंत ती दुसऱ्या लेन्सच्या पिशवीत ठेवू नका. नंतर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आत एक छोटा आर्द्रतामापक, काटा ४०-५० मध्ये राहिला पाहिजे. ती जुनी पिशवी चिपळूणला परत पाठवा किंवा टाकून द्या.

आणि ट्रायपॉडची कॉलर (लेन्स ट्रायपॉडला जोडायचं कडं) व पुढचा हूड (ऊन अडवणारी टोपी) आलेत का ते बघा. लग्नवाले हे दोन्ही काढून कपाटात टाकतात आणि विसरतात.

गोदाकाठची

कॉलर आहे. हूड नाही! आत्ताच फोन लावते.