हर्नियाच्या तातडीच्या ऑपरेशननंतर

आतडं अडकल्यामुळे तुमच्या वडिलांचं रातोरात ऑपरेशन झालं आणि आता ते खोकायलाही घाबरतात, हे वाचलं. माझ्या काकांचंही असंच झालं होतं, म्हणून लिहिते.

शेजारचे कुणी हर्निया करून दुसऱ्या दिवशी घरी आले, ही तुलना मनातून काढा. ते ठरवून केलेलं ऑपरेशन. इथे अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. थोडं आतडं कापून जोडलं असेल तर जास्त दिवस लागणारच. कापलं का, पोटाच्या भिंतीला आधार म्हणून जाळी बसवली की नुसते टाके, हे सर्जनना नीट विचारून घ्या. साधारण 4 ते 6 आठवडे बादली, सिलिंडर, नातवंडं, काहीच उचलू देऊ नका.

खोकला आला की छोटी उशी जखमेवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायची आणि मग खोकायचं. टाके तुटतील ही भीती निम्मी तिथेच जाते. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताच्या रेट्याने बसायचं. पण दिवसभर झोपवून ठेवू नका हो, घरातल्या घरात चालू द्या.

सगळ्यात जास्त जपा ते पोट साफ होण्याला. ट्रामाडॉलसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, आणि कुंथणं अजिबात नको. रेचक डॉक्टरांना विचारूनच द्या.

ताप आला, जखमेतून पू आला, उलट्या सुरू झाल्या किंवा पोट फुगून वारा सरेनासा झाला, तर सकाळची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठा.