अमाइड-१ च्या टेकाडातून टक्केवारी: मोजमाप की हातचलाखी?

ताकभात: प्रथिनाचा एफटीआयआर (अवरक्त किरण कुठे किती शोषले जातात याचा आलेख) घेतला की १६०० ते १७०० प्रति सेंमीमध्ये एक बसकं टेकाड येतं. हाच अमाइड-१, मुख्यतः कार्बोनिल बंध ताणला जाण्याचं कंपन. त्याखाली पाच-सहा गाउसियन (घंटेच्या आकाराचे वक्र) बसवायचे, १६५५ म्हणजे हेलिक्स (प्रथिनसाखळीची मळसूत्री घडी), १६३० म्हणजे बीटा शीट (शेजारी-शेजारी धाग्यांची चादरीसारखी घडी), आणि क्षेत्रफळावरून टक्केवारी छापायची. तीही दशांशासकट! माझ्या मते अशा टेकाडाखाली हवे तेवढे गाउसियन बसतात. त्यात पाण्याचं वाकण्याचं कंपन नेमकं १६४५ च्या आसपास. वजाबाकीत हात जरा हलला की बीटा वाढलाच.

जुना_सोलापूरकर: मग जड पाणी (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं) घ्या. त्याचं वाकणं १२०० च्या आसपास जातं, मैदान मोकळं. १९५० साली इलियट आणि अँब्रोज यांनी प्रथिनाची घडी आणि आलेखातला पट्टा यांचा संबंध दाखवला, पुढे क्ष-किरणांनी मिळालेल्या रचनांशी तो ताडूनही पाहिला गेला. आणि स्फटिकच न होणाऱ्या नमुन्याचं काय करणार? अमिलॉइड तंतूंचा (चुकीची घडी पडून एकत्र चिकटलेल्या प्रथिनांचा) पट्टा १६२० कडे उतरतो, नेहमीच्या बीटा शीटचा १६३० च्या वर राहतो. हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो.

ताकभात: डोळ्यांना दिसतो ना? मग टक्केवारी कशाला? आणि जड पाण्यात प्रथिनातल्या हायड्रोजनची ड्युटेरियमशी अदलाबदल अर्धवट राहिली तर पट्टे कमीजास्त सरकतात, ते कोण बघतं?

पिपेटवाली: दोघांनाही आमची फजिती सांगते. विकतच्या पेप्टाइडमध्ये १६७३ ला झकास शिखर मिळालं. दोन महिने आम्ही 'टर्न, टर्न' (साखळीचं वळण) म्हणून मिरवलो. निघालं काय, तर शुद्धीकरणातून उरलेलं ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटेट! सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून पुन्हा फ्रीज-ड्राय केलं, शिखर गायब. गाउसियन बिचारे तिथेही छान बसले होते.

जुना_सोलापूरकर: हा नमुन्याचा दोष झाला, पद्धतीचा नव्हे. नेमकी जागा हवी असेल तर एकाच कार्बोनिलमध्ये खूण म्हणून कार्बन-१३ (कार्बनचा जड प्रकार) घाला. त्याचा पट्टा साधारण ४० ने खाली येतो, गर्दीतून वेगळा दिसतो.

पिपेटवाली: वीस अमिनो आम्लांच्या पेप्टाइडला ठीक आहे हो. तीनशेच्या प्रथिनात एकाच जागी कसं घालणार?

ताकभात: खूण घालून केलेल्या कामाला माझा विरोध नाहीच. तापमान वाढवताना १६२० चा खांदा कधी उगवतो, हे दाखवा, मी मान्य करतो. टक्के द्यायचेच तर निदान किती गाउसियन घेतले आणि का, ते लिहा.

जुना_सोलापूरकर: लिहितो की. पण परीक्षक उलट विचारतो, 'हेलिक्स किती टक्के?'