टायटॅनियम डायऑक्साइडच्या प्रक्रियेनंतर एरेशन टाकीतला गाळ का विस्कटतो?

रंगपाणी:
इचलकरंजीतल्या सुती प्रोसेस हाउसचं सांडपाणी आहे, रंग रिॲक्टिव्ह. इक्वलायझेशन टाकीत (सगळं पाणी एकत्र होतं तिथे) पीएच १०, सीओडी (सगळी घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) ९००, बीओडी (जिवाणूंना घाण खाताना लागणारा ऑक्सिजन) १८० मिग्रॅ/लि. लिटरला १ ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड आणि ५०० मिग्रॅ हायड्रोजन पेरॉक्साइड घालून ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली दोन तास ठेवतो. रंग जातो, पण सीओडी ८०० च्या खाली उतरत नाही. हे पाणी एरेशन टाकीत (हवा सोडून जिवाणू वाढवतो ती) सोडलं की दोन दिवसांत फ्लॉक (जिवाणूंचे पुंजके) विस्कटतात आणि वरचं पाणी गढूळ राहतं. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मात्र वाढलेला दिसतो. दिव्याचा वेळ वाढवावा का?

गाळनिरीक्षक:
वेळ वाढवण्याआधी उरलेलं पेरॉक्साइड मोजा, टेस्ट स्ट्रिप पुरते. जिवाणूंचं कॅटलेज हे विकर (एन्झाइम) ते फोडून ऑक्सिजन सोडतं, म्हणून डीओ चढतो. जिवाणू खाणं थांबवतात तेव्हाही डीओ चढतोच, त्यामुळे त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. सीओडीचा आकडाही फसवा आहे. १ मिग्रॅ पेरॉक्साइड डायक्रोमेट चाचणीत (सीओडी मोजायची नेहमीची पद्धत) साधारण ०.४७ मिग्रॅ सीओडी दाखवतं. ३०० मिग्रॅ उरलं असेल तर १४० तिथेच गेले.

उरलेलं पेरॉक्साइड काढायला पीएच ७ ला कॅटलेज सगळ्यात सुरक्षित. सोडियम बायसल्फाइट स्वस्त पडतं, १ मिग्रॅ पेरॉक्साइडला सुमारे ३ मिग्रॅ लागतं. पण ते जास्त झालं तर स्वतःच डीओ खातं आणि सीओडीत मोजलं जातं.

दुसरं, उत्प्रेरकाची पूड टाकीत वाहून जातेय का पाहा. एमएलएसएस (टाकीतले एकूण तरंगते घन कण) वाढतंय पण एमएलव्हीएसएस (त्यातला जळून जाणारा, मुख्यतः जिवाणूंचा भाग) तेवढंच आहे, तर पूड येतेय. पीएच ६.५ च्या आसपास कणांवरचा विद्युतभार जवळपास शून्य होतो, ते एकमेकांना चिकटतात. तिथे रात्रभर निवळू द्या. जिवाणूंनाही हाच पीएच चालतो.

अतिनील:
माझ्या मते मूळ दुखणं पीएच १० चं आहे. या रंगांवर सल्फोनेटचा ऋणभार असतो आणि ६.५ च्या वर उत्प्रेरकाचा पृष्ठभागही ऋण, त्यामुळे रंग कणांजवळ टिकतच नाही. त्यात सोडा ॲशचं कार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकल (उजेडात तयार होणारे, रंग तोडणारे अतिक्रियाशील कण) बायकार्बोनेटच्या जवळजवळ ४५ पट वेगाने गिळतं. पीएच ४ ते ५ वर आणा, हवा सोडून कार्बन डायऑक्साइड उडवा, अर्धा तास अंधारात ढवळा आणि मगच दिवा लावा. आम्लामुळे टीडीएस (विरघळलेले क्षार) वाढेल, तो हिशोब आधीच धरा. पाण्याचा थर ५ सेंमीपेक्षा जाड असेल तर १ ग्रॅम पूड उजेड वरच्या वरच अडवते, ०.२ ते ०.५ करून बघा.

डिसायझिंगचं (कापडावरची खळ काढण्याचं) स्टार्चचं पाणी यात मिसळू नका. जिवाणू जे फुकट खातात त्यावर वीज कशाला जाळायची? ते थेट एरेशनला द्या आणि उजेडाखाली फक्त डाय-बाथ (रंगवण्याचं पाणी) व पहिल्या धुण्याचं पाणी आणा.

रंग गेला म्हणजे काम झालं असं नाही. ०, ३०, ६०, १२०, २४० मिनिटांचे नमुने घ्या, पेरॉक्साइड काढा आणि प्रत्येकाचं बीओडी/सीओडी गुणोत्तर काढा. तुमचं आता ०.२ आहे. ०.४ च्या वर गेलं की दिवा बंद करा, पुढचं जिवाणूंचं काम.

रंगपाणी:
उजेडाची प्रक्रिया आणि जिवाणूंचं काम, दोन्ही एकाच टाकीत करता येईल का?

गाळनिरीक्षक:
२००८ मध्ये मार्सोलेक, रिटमन आणि सहकारी या संशोधकांनी सच्छिद्र वाहकांच्या (जिवाणूंना राहायला दिलेल्या तुकड्यांच्या) आत जिवाणू वाढवून हे दाखवलं. रॅडिकल क्षणार्धात संपतात, आतपर्यंत पोचत नाहीत. उत्प्रेरक वाहकाच्या पृष्ठभागावर बसवला तर तो घासून निघू शकतो, आणि गडद पाण्यात उजेडच पोचत नाही. शिवाय जिवाणूंसाठी पीएच ७ लागेल, तुमच्या रंगांना ४ ते ५. तुम्ही दोन टाक्याच ठेवा. स्ट्रिप शून्य दाखवेपर्यंत पाणी सोडू नका. सुरुवात रोजच्या फीडच्या १० टक्क्यांनी करा आणि एसव्हीआय (गाळ किती नीट बसतो याचा निर्देशांक) आठवडाभर स्थिर राहिला तरच वाढवा.